ताज्याचा हट्ट कुणाच्या जिवावर?

मागच्या रविवारी मामा जेवायला आला होता. मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. वय ७८, मुक्काम डोंबिवली. या वयातही तो ठाण्याला लोकलनेच येणार, स्टेशनपासून टेंभी नाक्यापर्यंत चालतच येणार आणि आल्याआल्या "रिक्षावाले लुटतात" हे वाक्य टाकणार. खाण्याच्या बाबतीत भलताच चोखंदळ माणूस. त्यामुळे त्याने मटारची उसळ दुसऱ्यांदा मागून घेतली तेव्हा मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली. उसळ मी केली होती ना!

"सूनबाई, भर पावसाळ्यात एवढे गोड मटार कुठे मिळाले गं?" मामाने विचारलं.

बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं. आणि मी मूर्खासारखं खरं सांगून टाकलं. "मामा, मटार सुकवलेले आहेत. फ्रीझ-ड्राईड. पाकिटातले. दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवले की झालं."

मामाने चमचा खाली ठेवला. उरलेली उसळ ताटाच्या कडेला सारली (हो, तीच, दोन मिनिटांपूर्वी मागून घेतलेली) आणि आईकडे बघून म्हणाला, "काय गं, असलं शिळंपाकं घालतात होय तुला? आपल्याकडे रोजचं रोज ताजं असायचं. हे पाकिटातलं खाणं अमेरिकेतल्या लोकांचं."

आई काही बोलली नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

मामाशी वाद घालायचा नाही हे आमच्या घरातलं जुनं कलम आहे, म्हणून मीही गप्प बसलो. पण आठवडाभर डोक्यात तेच चाललं होतं, तेव्हा आता विकांताला सगळं टंकून मोकळा होतो. मंडळी, मामा फक्त निमित्त. असं बोलणारे तुमच्याही घरात असतील आणि दरवेळी ते ७८ वर्षांचे नसतात. आमच्याच ऑफिसात २८ वर्षांचा एक कार्टा आहे, जो डबा उघडून "सकाळचीच पोळी आहे यार" म्हणतो आणि तोंड वाकडं करतो. ती पोळी सकाळी सहाला उठून कोणी केली हे मात्र तो कधी सांगत नाही.

आधी त्या "आपल्याकडे रोजचं रोज ताजं"चा समाचार घेऊ.

मामाचं आणि आईचं बालपण राजापूरजवळच्या खेड्यात गेलं. तिथे पावसाळा चार महिने. मामा स्वतःच रंगात आला की सांगतो, की ओढ्याला पाणी आलं की गाव आठवडा-आठवडा तुटायचा. मग त्या आठवड्यात काय ताजं खात होता रे मामा? माळ्यावरचं खात होतास. आमसुलं, आंबोशी, मातीत पुरून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या, कुळीथ, सांडगी मिरची, पोह्याचे पापड, आणि होळीनंतर उन्हात खडखडीत वाळवलेले बोंबील नि सुकट. जून-जुलैत मासेमारी बंद असते, म्हणून तर सुक्या मासळीचा एवढा मोठा धंदा किनाऱ्यावर उभा राहिला. घाटावर गेलात तर कुरडया, शेवया, सांडगे. बायको जळगावची. तिच्या माहेरी उन्हाळ्यात गच्चीवर ज्वारीचे बिबडे आणि गवारीच्या, कारल्याच्या काचऱ्या एवढ्या वाळत असायच्या, की पाय ठेवायला जागा नसे म्हणते. 'बेगमी' हा आपला रोजच्या वापरातला शब्द आहे मंडळी, तो काही अमेरिकेतून आला नाही.

आणि पोहे? भात भिजवायचा, भाजायचा, कांडायचा, सुकवायचा. म्हणजे आधीच शिजवलेला, पाणी काढून टाकलेला, पाणी लावलं की पाच मिनिटांत खायला तयार होणारा पदार्थ. ही व्याख्या कुठल्याही परदेशी पाकिटावर छापली तर मामा ते पाकीट खिडकीतून फेकून देईल. पण दडपे पोहे मात्र "आपले पारंपरिक" आणि "अगदी ताजे"!

यापुढची गोष्ट मामाला सांगायचा धीर मला अजून झालेला नाही. मामा साठच्या दशकात नोकरीसाठी मुंबईत आला. "त्या काळचं दूध म्हणजे दूध!" हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. आता गंमत बघा. मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी १९४० च्या दशकात एक युक्ती काढली. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि परदेशातून आलेली स्निग्धांश काढलेली दूध पावडर मिसळायची, म्हणजे तेवढ्याच दुधात जास्त लोकांची गरज भागेल आणि भावही आवाक्यात राहील. तेच टोन्ड दूध. या कामासाठी खुरोडींना १९६३ साली व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७० साली ऑपरेशन फ्लड सुरू झालं तेही युरोपातून देणगी म्हणून आलेली दूध पावडर आणि बटर ऑइल यांच्या जोरावर. त्यांचं पुन्हा दूध करून ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या शहरांत विकलं आणि त्या पैशातून देशातली डेअरी उभी केली. म्हणजे मामा ज्या दुधाची आठवण काढून उसासे टाकतो, त्यातलं बरंचसं कधीतरी पोत्यात भरलेलं पांढरं पीठ होतं. जहाजातून आलेलं.

अर्थात मामाच्या पिढीचा राग मला अगदीच कळत नाही असं नाही. त्यांच्यासाठी साठवणीचं सरकारी अन्न म्हणजे टंचाई. रेशनच्या रांगा, १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि बाहेरून आलेली ती लाल मिलो ज्वारी. ज्याने ते खाल्लं त्याला "ताजं" म्हणजे "आता आपलं बरं चाललंय" असं वाटणारच. मामाला त्याबद्दल माफ. ज्यांनी मिलोचं नावही ऐकलेलं नाही त्यांना मात्र नाही.

बरं, आज आपण ज्याला ताजं म्हणतो ते तरी काय असतं? जांभळी नाक्यावर सकाळी हिरवीगार दिसणारी मेथी वाशीच्या नाहीतर कल्याणच्या मार्केटमधून येते. नाशिक-जुन्नरकडे ती आदल्या दिवशी कापलेली असते. आपण ती शनिवारी आणतो आणि वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात कोंबतो. बुधवारी रात्री तिची अर्धी पानं पिवळी पडलेली असतात, ती फेकतो, उरलेल्याची भाजी करतो. ती भाजी ताजी! आणि कापल्याच्या दिवशीच वाळवलेली मेथी शिळी. हॉटेलात गेल्यावर सकाळी करून ठेवलेल्या तीन ग्रेव्ह्यांमधून तुमच्यासमोर आलेले सतरा प्रकार हेही ताजे, कारण त्यातून वाफ येते.

आता थोडं विज्ञान सांगतो, कारण मला राहवत नाही. (कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा, मी बघत नाही.) अन्न खराब होतं ते जंतूंमुळे आणि जंतूंना लागतं मोकळं पाणी. किती पाणी मोकळं आहे ते मोजायचं एक माप आहे, शुद्ध पाण्यासाठी ते १. साधारण ०.९ च्या खाली बहुतेक जिवाणू वाढायचे थांबतात, ०.६ च्या खाली बुरशीसुद्धा वाढत नाही. पापड, सांडगे, सुके मटार नीट वाळलेले असले की या रेषेच्या खाली जातात. त्यात "केमिकल" घालायची गरजच नसते, पाणी नसणं हाच बंदोबस्त. उन्हात वाळवताना पाणी द्रवरूपात बाहेर येतं, येताना पेशी आक्रसतात, म्हणून काचऱ्या सुरकुतलेल्या असतात आणि तासभर भिजवाव्या लागतात. फ्रीझ-ड्राईंगमध्ये आधी पदार्थ गोठवतात आणि मग भोवतालची हवा खेचून घेतात. दाब ६११ पास्कलच्या खाली, म्हणजे नेहमीच्या हवेच्या साधारण १६० व्या हिश्श्याखाली गेला की बर्फ वितळतच नाही, सरळ वाफ होऊन निघून जातो. बर्फाच्या जागी बारीक भोकं राहतात, आकार तसाच राहतो. पुन्हा पाणी घातलं की ते त्या भोकांतून आत शिरतं आणि दाणा परत टपोरा! मामा ज्याला फसला तो हाच टपोरेपणा. अँडीज पर्वतातले लोक हे शेकडो वर्षं यंत्राशिवाय करत आले आहेत. रात्रीच्या थंडीत बटाटे गोठवायचे, दिवसा पायाने तुडवून पाणी काढायचं आणि कोरड्या हवेत सुकवायचे. आपल्याकडे सैन्यासाठी असले प्रयोग म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेत साठच्या दशकात सुरू झाले. १९८४ मध्ये राकेश शर्मांसाठी खास भारतीय खाणं तयार केलं ते त्याच प्रयोगशाळेने. आणि २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा गाजर हलवा, मूगडाळ हलवा आणि चक्क आमरस घेऊन गेले. तिथे कोणी "रोजचं रोज ताजं" म्हणून अडून बसलं नाही.

म्हणून सगळं फ्रीझ-ड्राईड आणा असं मी म्हणतोय का? छे. हिशोब करून बघा. सोललेल्या मटारात पाऊण हिश्श्याहून जास्त पाणी असतं. म्हणजे १०० ग्रॅम फ्रीझ-ड्राईड मटाराला साधारण साडेचारशे ग्रॅम ओले दाणे लागले, म्हणजे जवळजवळ किलोभर शेंगा. त्यावर पंपाला दिवसभराहून जास्त वेळ चालवायची वीज, हवाबंद पाकीट आणि कंपनीचा नफा. पालकाचं तर विचारूच नका, किलोभर पालकाचे शंभर ग्रॅमसुद्धा होत नाहीत. रोज परवडणारी गोष्ट नाही ही. आमच्या घरात मटार आणि मका एवढं दोनच फ्रीझ-ड्राईड येतं. बाकी फळीवर असतं ते उन्हात नाहीतर गरम हवेत वाळवलेलं, आणि पिठं. शिवाय ठाण्यातला जुलै! एकदा पाकीट उघडलं आणि झाकण नीट लावायचं राहिलं, तर संध्याकाळपर्यंत आतला कुरकुरीत मका चामड्यासारखा होतो. मी दोन पाकिटं अशी वाया घालवली आहेत आणि त्यावरून घरात बोलणीही खाल्ली आहेत. पापड-लोणच्यातलं मीठ हाही खरा मुद्दा आहे, घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर जपून. आणि सुकलेल्या पालेभाजीतलं क जीवनसत्त्व बरंचसं गेलेलं असतं, तेव्हा एखादं लिंबू, एखादा पेरू खा.

एवढं सगळं मान्य केल्यावरही माझं म्हणणं उरतंच, आणि ते चवीबद्दल किंवा जीवनसत्त्वांबद्दल नाही.

जुलै २०२० आठवतो? ठाण्यात २ तारखेपासून पुन्हा कडक लॉकडाऊन लागला होता, तो वाढत वाढत १९ पर्यंत गेला. जांभळी नाक्याचा बाजार बंद. त्याच आठवड्यात आधी बायकोला ताप आला, दोन दिवसांनी आईला. दोघीही पॉझिटिव्ह. बायको आतल्या खोलीत, आई बाहेरच्या, आणि स्वयंपाकघरात मी नि माझी सात वर्षांची मुलगी. इमारत सील. वॉचमन दुधाची पिशवी दारात ठेवून बेल वाजवायचा आणि पळायचा. तोपर्यंत माझी स्वयंपाकघरातली कर्तबगारी म्हणजे चहा, ऑम्लेट, आणि ट्रेकला गेल्यावर मॅगी. भाजी संपली तिसऱ्या दिवशी.

आई दारापलीकडून फोनवर सूचना द्यायची. आवाज अगदी खोल गेलेला. "वरच्या फळीवर बोर्नव्हिटाचा डबा आहे बघ, त्यात कुळथाचं पीठ आहे." मंडळी, आईच्या डब्यांची नावं म्हणजे दहा वर्षं कोणी हात न लावलेल्या कोडमधली व्हेरिएबल्स. बोर्नव्हिट्यात कुळीथ, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सांडगे, आईस्क्रीमच्या डब्यात आमसुलं, आणि "साखर" असं लिहिलेल्या बरणीत मेतकूट. डॉक्युमेंटेशन फक्त आईच्या डोक्यात आणि आईला १०१ ताप. पण सिस्टीम चालली! तेलात मोहरी-हिंग, ठेचलेला लसूण, लाल मिरची. पाणी, मीठ, दोन आमसुलं. उकळी आली की पाण्यात कालवलेलं कुळथाचं पीठ ओतायचं आणि ढवळत राहायचं. दहा मिनिटांत पिठी तयार. बरोबर मऊ भात. दुसऱ्या दिवशी सांडग्यांची आमटी. तिसऱ्या दिवशी मेतकूट-भात आणि भाजलेला पापड. मग भाजणीचं थालीपीठ (पहिली तीन मुलीने "नकाशे" म्हणून खाल्ली). मग सोया वड्यांचा रस्सा. एके दिवशी सुकट धुऊन, पिळून, कांदा-आमसूल घालून केली. आईला वास येत नव्हता, पण ती म्हणाली, "खारट लागतंय म्हणजे जीभ तरी शाबूत आहे."

चौदा दिवस. चौदा दिवस मी चार माणसांना दोन वेळा जेवायला घातलं, आणि मला स्वयंपाक येत नव्हता. हे कसं जमलं याचा विचार मी नंतर फार केला. जमलं, कारण निम्मं काम आधीच झालेलं होतं. कोणीतरी कुळीथ भाजून दळून ठेवले होते, डाळ भिजवून वाटून सांडगे घातले होते, भाजणीचं प्रमाण ठरवून टाकलं होतं. मला फक्त जोडणी करायची होती. साठवणीचं अन्न नवशिक्याला चालवता येतं. ताजी गवार आणून, मोडून, शिजवून दाखव म्हटलं असतं तर मी पहिल्याच दिवशी गारद झालो असतो.

आणि मग मला ती दुसरी बाजू दिसायला लागली, जी तोपर्यंत कधी दिसली नव्हती.

संध्याकाळची कल्याण लोकल आठवा. लेडीज डब्यात बसायला जागा मिळालेल्या बायका काय करतात? मटार सोलतात. गवार मोडतात. मेथी निवडतात. बायको हे रोज बघायची, म्हणून मला माहीत. आठ-नऊ तास नोकरी केलेली बाई घरी पोचल्यावर रात्रीचं ताजं वेळेत व्हावं म्हणून गर्दीत मांडीवर पिशवी उघडून बसते. आणि आपण त्याचं कौतुक करतो, "बघा, आमच्या ठाण्या-डोंबिवलीच्या बायका किती कामसू!" २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर लोक वेळ कसा घालवतात याची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा वेळ सरासरी २९९ मिनिटं. पुरुषांचा ९७. थांबा, ९७ वाचून खूश होऊ नका. ती सरासरी फक्त त्या पुरुषांची आहे जे घरात काहीतरी करतात, आणि असे शंभरात २६. उरलेले ७४ जण ताटाची वाट बघत होते.

माझे बाबा त्या ७४ मधले. आता ते नाहीत आणि माणूस खरोखर चांगला होता, म्हणून हे लिहिताना हात अंमळ अडखळतो. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, कधी ताट सरकवलं नाही. ते फक्त थांबायचे. पहिली पोळी तव्यावरून ताटात पडेपर्यंत हात जोडल्यासारखे ठेवून शांत बसायचे. दुसरी पोळी येईपर्यंत पुन्हा थांबायचे. आई फोर्टच्या ऑफिसातून सव्वासातला घरी यायची, पदर खोचून ओट्याशी उभी राहायची आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर गार झालेलं स्वतः जेवायची. ३४ वर्षं. आमच्या घरात गरम आणि ताजं सगळ्यांना मिळायचं, करणारी सोडून.

तर माझा आरोप हा आहे. आपण "ताजं पाहिजे" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला अन्नाचं वय कमी नको असतं. मी जेवत असताना कोणीतरी माझ्यासाठी ओट्याशी उभं असलं पाहिजे, हे हवं असतं. मेथी चार दिवसांची चालते, पोळी चार तासांची चालत नाही, याचा दुसरा अर्थ मला तरी लावता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, अरे, पण ते वाळवणसुद्धा बायकाच करत होत्या ना, तेही मे महिन्याच्या उन्हात? अगदी बरोबर. म्हणूनच "आजीच्या हातचं वाळवण" म्हणून गहिवरणाऱ्या लेखांचाही मला तितकाच कंटाळा आहे. पहाटे चारला उठून कुरडयांचा चीक शिजवणं हा छंद नव्हता. पण वाळवणाची एक गंमत आहे, ते काम घराबाहेर नेता येतं आणि घराबाहेर नेलं की त्याला पैसे मिळतात. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, त्याचं लिज्जत झालं. घरात लाटलेल्या पापडाला "वा" मिळायचं, तिथे मजुरी मिळाली आणि मालकीत वाटा मिळाला. जळगावात जैन समूहाचा पांढरा कांदा वाळवायचा मोठा कारखाना आहे, त्यातला बराच माल परदेशी जातो आणि तिथले लोक बिनदिक्कत खातात. मुंबईच्या आयसीटीतून शिकलेल्या मुलांनी सुरू केलेली एसफोरएस नावाची कंपनी शेतकरी बायकांना सौर वाळवणयंत्रं पुरवते आणि वाया गेला असता असा भाजीपाला वाळवून घेते. तिला २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. ताजी पोळी तव्यावरून ताटात टाकण्याची मजुरी मात्र अजून कोणी दिलेली ऐकलेली नाही.

दहा मिनिटांत घरपोच वाल्यांनाही सांगून टाकतो, कारण वाचकांत तेच जास्त असणार. तुमच्या घरात साठवण नाही असं समजू नका. तुमची फळी आता गल्लीतल्या कुठल्यातरी गोदामात गेली आहे आणि पावसात भिजत बाईक चालवणारा एक मुलगा तुमच्या वतीने त्या फळीवरून डबा काढतो. तो मुलगा जुलै २०२० मध्ये आमच्या सील झालेल्या इमारतीत येऊ शकत नव्हता. २६ जुलै २००५ ला कल्याण-बदलापूरकडे पाणी भरलं तेव्हा तर कोणीच कुठे जाऊ शकत नव्हतं. अमेरिकेत युटामध्ये मॉर्मन लोक धर्माचा भाग म्हणून घरात काही महिन्यांचं धान्य साठवून ठेवतात. एवढं मी सांगत नाही. चार डबे ठेवा.

आमच्या घरी त्या जुलैनंतर एक नियम झाला. मंगळवारी रात्रीचं जेवण फक्त फळीवरच्या डब्यांतून, आणि ते मी करायचं. भाजीची पिशवी उघडायची नाही, ॲप उघडायचं नाही. पाच वर्षं झाली, दोन-चार वेळा चुकलं असेल. कहाण्यांच्या पोथीत शिळासप्तमी आहेच, त्या दिवशी आदल्या दिवशीचं खायचं आणि चूल पेटवायची नाही. वर्षातला एक दिवस का होईना, चुलीसमोरच्या बाईला सुट्टी द्यायची हे कोणाला तरी सुचलं होतं. मी त्याला मंगळवारचं केलं, इतकंच.

हे सगळं भाषण मी मामा गेल्यावर आईसमोर ठोकलं. मटार, दूध पावडर, २९९ मिनिटं, सगळं. मला वाटलं होतं आई खूश होईल. आई बराच वेळ ओट्यावरचं फडकं घडी करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी चौतीस वर्षं उगाच उभी राहिले म्हणतोस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. "उगाच नाही गं" म्हटलं तर माझा सगळा मुद्दा पडतो, आणि "हो" म्हणायला जीभ रेटत नाही. बायकोने मध्ये पडून "आई, तुम्ही झोपा आता, उशीर झालाय," म्हणून वेळ निभावून नेली. आई उठली, पण झोपायला गेली नाही. बाल्कनीत जाऊन बसली, रस्त्याकडे बघत. मामाचं ते ताट बाजूला सारणं तिला लागलं होतं की माझं भाषण, ते मी विचारलं नाही.

परवाच्या मंगळवारी मी सांडग्यांची आमटी केली. आई स्वयंपाकघरात आली, कढईत डोकावली, "तेल जास्त झालंय, सांडगे परतायला एवढं लागत नाही" म्हणाली आणि माझ्या हातातला झारा घेणार तेवढ्यात थांबली. मग टेबलाशी जाऊन बसली. आमच्या सगळ्यांच्या आधी. मी तिचं ताट वाढलं. मामाने अजून फोन केलेला नाही आणि त्याचं मत बदलेल अशी मला आशाही नाही. आईने आमटीत भात कालवला, दोन घास खाल्ले आणि विचारलं, "पापड भाजलायस की तळलायस?"

"भाजलाय."

"मग आण अजून एक."